कायद्यातल्या एका आकड्याचा पाठपुरावा

वर्ष संपत आलं की अमेरिकेतल्या कोट्यवधी ज्येष्ठांच्या घरी सोशल सिक्युरिटी खात्याचं पत्र येतं. त्यातले दोन आकडे महत्त्वाचे असतात. पुढच्या वर्षी महिन्याला किती पेन्शन मिळणार, हा पहिला. त्यातून मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता म्हणून किती कापलं जाणार, हा दुसरा. या दोन आकड्यांमागे साठ-सत्तर वर्षांचं राजकारण आहे, आणि म्हाताऱ्या माणसांनी केलेला चिवट पाठपुरावाही आहे. तो कसा चालतो, कुठे यशस्वी होतो आणि कुठे फसतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपली मुलं, भावंडं, मित्र तिकडे म्हातारे होत आहेत. काहींचे आईवडीलही उतारवयात तिकडे राहायला गेले आहेत.

हिशोब सोपा व्हावा म्हणून एक माणूस डोळ्यांसमोर ठेवू. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एकट्या राहणाऱ्या, बहात्तर वर्षांच्या एक मराठी मावशी. मावशी कल्पनेतल्या आहेत, त्यांच्यापुढचे कायदे आणि दर मात्र खरे आहेत. मावशींना २०२५ मध्ये सोशल सिक्युरिटीचे महिन्याला २,००० डॉलर मिळत होते, म्हणजे वर्षाला २४,०००. नोकरीत असताना साठवलेल्या निवृत्तिखात्यातून त्या वर्षाला आणखी २०,००० डॉलर काढतात.

पत्रातला पहिला हिशोब

सोशल सिक्युरिटीची रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढते. ही वाढ १९७५ पासून आपोआप होते. त्याआधी प्रत्येक वाढीसाठी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, वेगळा कायदा करावा लागे. २०२६ साठी ही वाढ २.८ टक्के आहे. मावशींना महिन्याला ५६ डॉलर जास्त मिळू लागले.

आता दुसरा आकडा. मेडिकेअरच्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या विम्याचा, हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता. २०२६ मध्ये तो २०२.९० डॉलर झाला. वाढ १७.९० डॉलरची. म्हणजे महागाईची भरपाई म्हणून जे ५६ डॉलर आले, त्यांतला जवळजवळ एक तृतीयांश भाग हातात पडायच्या आधीच गेला.

यात कोणी फसवणूक केलेली नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. पार्ट बीचा साधारण पाव खर्च हप्त्यांतून यावा आणि उरलेला सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून यावा, असं सूत्र ठरलेलं आहे. त्यामुळे डॉक्टरांची बिलं वाढली, दवाखान्यात देण्याची औषधं महागली, की हप्ता वाढतो. ज्याने वर्षभर दवाखान्याचं तोंडही पाहिलं नाही, त्याचाही वाढतो. पेन्शनमधल्या वाढीपेक्षा हप्त्याची वाढ जास्त झाली तर बहुतेकांची निव्वळ रक्कम आदल्या वर्षीपेक्षा कमी होऊ द्यायची नाही, अशीही एक तरतूद आहे. ती बुडण्यापासून वाचवते, पण त्यापलीकडे हातात काही देत नाही.

एक औषध सगळ्यांच्या खिशाला कशी चाट लावू शकतं, याचं उदाहरण ताजं आहे. जून २०२१ मध्ये अल्झायमरवरच्या ॲडुहेल्म या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली. कंपनीने वर्षाची किंमत लावली ५६,००० डॉलर. त्याचा उपयोग किती होतो याबद्दल तज्ज्ञांमध्येच वाद होता. पण लाखो रुग्णांनी ते मागितलं तर पैसे लागतील, म्हणून सरकारने २०२२ चा पार्ट बीचा हप्ता १४८.५० वरून थेट १७०.१० डॉलरवर नेला. त्या वाढीतला मोठा वाटा या एकाच औषधाच्या धास्तीचा होता. ओरड झाली. कंपनीने किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली, मेडिकेअरने औषधाचा खर्च देण्यावर कडक अटी घातल्या, आणि २०२३ चा हप्ता १६४.९० डॉलरवर उतरला. हप्ता खाली येण्याची दशकभरातली ती पहिलीच वेळ होती.

म्हणूनच ज्येष्ठांच्या संघटना औषधांच्या किमतींच्या मागे लागतात. त्यांच्या दृष्टीने औषधाचा भाव हा फक्त आजाऱ्याचा प्रश्न नाही, तो प्रत्येक पेन्शनरच्या पत्रातल्या दुसऱ्या आकड्याचा प्रश्न आहे.

हा विमा आला कुठून

१९५० च्या दशकात अमेरिकेत पासष्टीनंतर आरोग्यविमा मिळणं फार अवघड होतं. ज्यांना आजारपण येण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यांनाच विमा कंपन्या टाळत. लॉस एंजेलिसमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. एक जुन्या शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना त्यांना आढळल्या, कारण पेन्शनमध्ये दुसरं काही परवडत नव्हतं, अशी आठवण त्या संघटनेच्या इतिहासात सांगितली जाते. अँड्रस अनेक विमा कंपन्यांकडे गेल्या, नकार घेऊन परत आल्या, आणि अखेर १९५६ मध्ये निवृत्त शिक्षकांसाठी सामूहिक विमा मिळवला. इतर व्यवसायांतले लोकही मागू लागले, म्हणून १९५८ मध्ये एएआरपी ही संस्था उभी राहिली. आज तिचे सुमारे पावणेचार कोटी सभासद आहेत.

सरकारी विम्याची मागणी त्याहून जुनी. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी १९४५ मध्येच सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला होता. तो हाणून पाडला गेला. मग मागणी आटोपशीर झाली: निदान ज्येष्ठांना तरी द्या. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने कडाडून विरोध केला. दुसऱ्या बाजूने ज्येष्ठांच्या नव्या संघटना सभा भरवत होत्या. मे १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ज्येष्ठांनी भरलेल्या सभागृहापुढे खुद्द राष्ट्राध्यक्ष केनेडी बोलले. अखेर ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीत, ट्रूमन यांच्या गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड ट्रूमन यांनाच दिलं. एक वर्षाने योजना सुरू झाली तेव्हा पार्ट बीचा हप्ता महिन्याला तीन डॉलर होता.

आपल्याशी असलेला धागा इथेच आहे. १९६५ मध्येच, ३ ऑक्टोबरला, जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावरही सही केली. त्याने आशियाई देशांवरची जुनी बंधनं उठली, आणि पुढच्या काही वर्षांत मराठी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक अमेरिकेत पोहोचू लागले. ज्या पिढीतल्या डॉक्टरांनी मेडिकेअरचे रुग्ण तपासले, ती पिढी आता स्वतः मेडिकेअरचं कार्ड दाखवून तपासून घेते.

मेडिकेअर काय देते आणि काय देत नाही

पार्ट ए रुग्णालयासाठी. नोकरीच्या काळात चाळीस तिमाही, म्हणजे दहा वर्षं, मेडिकेअरचा कर भरलेला असला तर त्याला हप्ता नाही. पार्ट बी डॉक्टरांसाठी. पार्ट सी म्हणजे हेच सगळं खासगी कंपनीमार्फत घेणं. पार्ट डी म्हणजे औषधं.

मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बीची वार्षिक ठरावीक रक्कम स्वतः भरली की पुढच्या खर्चाचे वीस टक्के रुग्णाने द्यायचे असतात. या वीस टक्क्यांना वरची मर्यादा नाही. दहा हजारांच्या बिलावर दोन हजार, लाखावर वीस हजार. म्हणून बहुतेक जण जोडविमा घेतात किंवा पार्ट सीकडे वळतात. नेहमीची दातांची कामं, चष्मा, श्रवणयंत्र मूळ मेडिकेअरमध्ये नाहीत. आणि सर्वांत मोठा गैरसमज शुश्रूषागृहाबद्दल आहे. रुग्णालयातून आल्यावर काही काळ कुशल शुश्रूषा मिळते, फार तर शंभर दिवस; पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वर्षानुवर्षं सांभाळण्याचा खर्च मेडिकेअर देत नाही. स्वतंत्र खोलीचा तो खर्च अमेरिकेत सरासरीने वर्षाला लाख डॉलरच्या पुढे जातो.

फसलेला एक कायदा

रुग्णाने स्वतः भरायच्या खर्चाला वरची मर्यादा एकदा आली होती. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने रुग्णालयाच्या आणि डॉक्टरांच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली आणि औषधांचीही सोय केली. दोन्ही पक्षांनी मोठ्या बहुमताने तो संमत केला, एएआरपीने पाठिंबा दिला. पण खर्च भागवायचा कोणी? ज्येष्ठांनीच. आणि त्यातही ज्यांना प्राप्तिकर लागतो त्यांनी जास्त. पहिल्या वर्षी माणशी ८०० डॉलरपर्यंत.

यातल्या अनेकांना जुन्या कंपनीकडून असा विमा आधीच मिळत होता. जे आपल्याकडे आहे त्यासाठीच पुन्हा पैसे भरायचे, असं त्यांना वाटलं. ज्या गरीब ज्येष्ठांना फायदा होणार होता, त्यांच्यापर्यंत योजना नीट पोहोचलीच नव्हती. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत करविषयक समितीचे बलाढ्य अध्यक्ष डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी संतापलेल्या ज्येष्ठांनी अडवली. त्यांना गाडीतून उतरून पळ काढावा लागला, आणि ते दृश्य देशभर दूरचित्रवाणीवर दिसलं. दीड वर्षाच्या आत कायद्यातल्या या तरतुदी रद्द झाल्या.

मूळ मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या खर्चाला त्यानंतर आजतागायत कमाल मर्यादा आलेली नाही. औषधांच्या खर्चाला ती आली २०२५ मध्ये, छत्तीस वर्षांनी. सवलत चांगली असून भागत नाही; ती कोणाला मिळते आणि तिचे पैसे कोण भरतं, हे लोकांना आधी पटावं लागतं. ज्येष्ठांच्या चळवळीने या घटनेतून घेतलेला हा धडा फार महाग पडला.

औषधांची एकोणीस वर्षं

पार्ट डी डिसेंबर २००३ च्या कायद्याने आला. त्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहातलं मतदान पहाटे सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत उरकणारं हे मतदान, मतं जुळेपर्यंत, जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं गेलं. ज्येष्ठांना मेडिकेअरमधून प्रथमच औषधांचा विमा मिळाला, पण कायद्यात एक ओळ होती: औषध कंपन्यांशी किमतींची घासाघीस सरकारने करायची नाही. शिवाय मधेच एक खड्डा होता. औषधांचा खर्च एका रकमेच्या पुढे गेला की विमा थांबायचा आणि रुग्णाला सगळं स्वतः भरावं लागायचं, पुन्हा वरच्या रकमेला पोहोचेपर्यंत.

खड्डा बुजवायला २०१० चा ओबामांचा आरोग्यकायदा आणि पुढची दहा वर्षं लागली. घासाघीस न करण्याची ती एक ओळ हलवायला एकोणीस वर्षं लागली. १६ ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी, मेडिकेअरला काही औषधांच्या किमती ठरवण्याचा अधिकार मिळाला. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. रक्त गोठू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या एलिक्विसची महिन्याची यादीतली किंमत ५२१ डॉलर होती. मेडिकेअरसाठी ती २३१ झाली. मधुमेहावरच्या जानुव्हियाची ५२७ वरून ११३ वर आली. २०२७ साठी आणखी पंधरा औषधं निवडली गेली. कंपन्या न्यायालयात गेल्या. म्हणजे कायदा झाल्यावरही पाठपुरावा संपला नाही, त्याची जागा फक्त बदलली.

याच कायद्याने २०२३ पासून मेडिकेअरमधल्या इन्सुलिनचा खर्च महिन्याला ३५ डॉलरवर रोखला, आणि २०२५ पासून औषधांवर स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला वार्षिक मर्यादा घातली, २०२५ साठी २,००० डॉलरची. सगळे पैसे जानेवारीतच भरावे लागू नयेत म्हणून महिन्याच्या हप्त्यांची सोयही दिली. कर्करोगाच्या गोळ्यांवर वर्षाला दहा-दहा हजार डॉलर घालवणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

इन्सुलिनची मर्यादा मेडिकेअरबाहेरच्या, खासगी विमा असलेल्या लोकांनाही मिळावी, असा प्रस्ताव होता. त्याच्या बाजूने ५७ मतं पडली, लागत होती ६०. कारण हे विधेयक अर्थसंकल्पाच्या खास जलद मार्गाने चाललं होतं. या मार्गावर साधं बहुमत पुरतं, पण सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध नसलेली तरतूद त्यात घुसवता येत नाही. घुसवायची तर ६० मतं लागतात. या मार्गाचे नियम लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे करसवलतीच्या बाबतीतही त्यांनीच सगळं ठरवलं.

पेन्शनवरचा कर आणि न हललेली रेघ

आता मावशींच्या कराकडे येऊ. १९८३ पर्यंत सोशल सिक्युरिटीवर प्राप्तिकर नव्हता. त्या वर्षी योजनेची तिजोरी आटत आली, आणि रेगन यांच्या काळात दोन्ही पक्षांनी मिळून तोड काढली: जास्त उत्पन्नाच्या पेन्शनरांच्या निम्म्यापर्यंत पेन्शनवर १९८४ पासून कर घ्यायचा आणि तो पैसा परत सोशल सिक्युरिटीच्या निधीत टाकायचा. यासाठी रेघ ठरली एकट्या माणसाला २५,००० डॉलर आणि जोडप्याला ३२,००० डॉलर उत्पन्नाची. इथे उत्पन्न म्हणजे इतर कमाई आणि निम्मी पेन्शन यांची बेरीज. १९९३ मध्ये वर आणखी एक रेघ आली, ३४,००० आणि ४४,००० डॉलरची. त्यापुढे पेन्शनच्या ८५ टक्क्यांपर्यंत भाग करपात्र झाला.

या रेघा महागाईनुसार सरकतील, असं कायद्यात लिहिलेलं नाही. आजही त्या तिथेच आहेत. १९८४ चे २५,००० डॉलर म्हणजे आजचे पंचाहत्तर हजारांहून अधिक. सुरुवातीला दहा पेन्शनरांतल्या एकालाही हा कर लागत नव्हता. आज दहांतल्या चार-पाच जणांना लागतो. त्यासाठी कोणालाही करवाढीच्या बाजूने मत द्यावं लागलं नाही. रेघ जागीच राहिली आणि महागाई वर चढत गेली.

मावशींची बेरीज ३२,००० होते: इतर २०,००० आणि पेन्शनचे निम्मे १२,०००. रेघेच्या वर सात हजार, त्यातले साडेतीन हजार करपात्र. म्हणजे एकूण उत्पन्न धरलं जाईल २३,५०० डॉलर. २०२५ साठी एकट्या माणसाची सर्वसाधारण वजावट १५,७५० आणि पासष्टीवरच्यांची जादा वजावट २,०००. उरतात ५,७५०, दहा टक्क्यांनी कर ५७५ डॉलर.

इथे २०२५ ची नवी सवलत उपयोगी पडते. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने पासष्टीवरच्या प्रत्येकाला ६,००० डॉलरची आणखी एक वजावट दिली. मावशींचा कर शून्य झाला, ५७५ डॉलर वाचले. एकट्या माणसाचं उत्पन्न ७५,००० डॉलरच्या वर गेलं, किंवा जोडप्याचं दीड लाखाच्या वर, की ही वजावट वरच्या रकमेच्या सहा टक्क्यांनी कमी होत जाते. एकट्यासाठी पावणेदोन लाखांना ती संपते. आणि २०२८ च्या करवर्षानंतर ती सगळ्यांसाठीच संपते.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या प्रचारात आश्वासन होतं ते सोशल सिक्युरिटीवरचा करच काढून टाकण्याचं. मग वजावट का आली? कारण हाही कायदा त्याच जलद मार्गाने गेला, आणि त्या मार्गावर सोशल सिक्युरिटीला हात लावता येत नाही. म्हणून पेन्शनवरच्या कराचं कलम आणि १९८४ ची रेघ जशीच्या तशी राहिली, आणि शेजारी चार वर्षांची वेगळी वजावट ठेवली गेली. कर काढला गेला असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०२९ च्या आत हा फरक ओळखायला हवा.

कर की औषध?

दोन सवलती शेजारी ठेवून पाहा. समजा मावशींच्या एका मैत्रिणीला फक्त सोशल सिक्युरिटीच आहे, वर्षाला १८,००० डॉलर. तिला आधीही प्राप्तिकर नव्हता, म्हणून सहा हजारांच्या वजावटीने तिच्या पदरात एक डॉलरही पडत नाही. पण ३५ डॉलरचं इन्सुलिन, औषधांची वार्षिक मर्यादा, हप्ता आणि औषधं यांसाठी कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत, हे तिच्यापर्यंत थेट पोहोचतं. करसवलत मधल्या थराला लागू पडते, आरोग्यखर्चावरची मर्यादा सर्वांत खालच्या थरालाही. चळवळीने यातली एक दोरी सोडून चालत नाही.

मोठ्या आजारपणात दोन्ही दोऱ्या एकत्र येतात. वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांच्या वर गेला तर वरचा भाग करातून वजा करता येतो, मात्र सर्वसाधारण वजावट सोडून खर्चाचा तपशील द्यावा लागतो. शुश्रूषागृहात असलेल्या माणसासाठी हीच सवलत सर्वांत मोठी ठरते. २०१० च्या कायद्याने ही रेघ ७.५ वरून १० टक्क्यांवर नेली, ज्येष्ठांना काही वर्षं सूट देऊन. ती ७.५ वर परत आणायला, मग वर्षा-दोन वर्षांची मुदतवाढ पुन्हा पुन्हा मिळवायला, आणि अखेर डिसेंबर २०२० मध्ये कायमची करून घ्यायला संघटनांना बरीच वर्षं खेटे घालावे लागले. ४०,००० उत्पन्नाच्या माणसासाठी हा फरक आहे हजार डॉलर वजावटीचा. वर्तमानपत्रात याची मोठी बातमी झाली नाही, पण ज्याची बायको शुश्रूषागृहात आहे त्याला या अडीच टक्क्यांचं मोल कळतं.

पाठपुरावा कुठे करायचा

हे काम चार ठिकाणी चालतं. पहिलं वॉशिंग्टनमधल्या समित्यांत: प्रतिनिधीगृहाची आणि सिनेटची, कर व मेडिकेअर हाताळणारी एकेक समिती. तिथे प्रत्येक प्रस्तावाचा दहा वर्षांचा खर्च काँग्रेसचं अंदाजपत्रक कार्यालय मोजतं, आणि त्या आकड्यावर प्रस्ताव तरतो किंवा बुडतो. दुसरं ठिकाण म्हणजे नियम. कायदा झाल्यावर मेडिकेअर खातं नियमांचा मसुदा काढतं आणि त्यावर कोणालाही लेखी मत देता येतं. तिसरं न्यायालय. चौथं राज्यांच्या राजधान्या, आणि तिथे यश अनेकदा लवकर मिळतं. वेस्ट व्हर्जिनियाने २०२४ मध्ये ठरवलं आणि सोशल सिक्युरिटीवरचा राज्याचा कर तीन टप्प्यांत, २०२६ पर्यंत, पूर्ण काढला. न्यू जर्सी हा कर घेतच नाही. पण तिथली घरपट्टी देशात सर्वांत जड आहे, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. तिच्यातली वाढ पात्र ज्येष्ठांना परत देणारी राज्याची योजना आहे; अर्ज केला नाही तर मात्र काहीच मिळत नाही.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. ज्येष्ठांच्या संघटना निव्वळ सेवाभावी नसतात; एएआरपीचं नाव एका मोठ्या विमा कंपनीच्या योजनांना दिलं जातं आणि त्यातून संस्थेला मोठं उत्पन्न मिळतं. तिचं म्हणणं ऐकताना हे ध्यानात असावं. आणि दुसरं, पेन्शनवरचा कर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्याच निधीत जातो. निवृत्तिवेतनाचा निधी २०३३ मध्ये आटेल आणि त्यानंतर येणाऱ्या उत्पन्नातून ७७ टक्केच पेन्शन देता येईल, असं विश्वस्तांचा २०२५ चा अहवाल सांगतो. कर काढायचा असेल तर ती भरपाई कुठून, याचं उत्तर मागणाऱ्यानेच द्यायला हवं. १९८९ मध्ये शिकागोच्या रस्त्यावर हाच प्रश्न उभा होता.

मराठी घरांसाठी

अमेरिकेत नोकरी न केलेले आईवडील मुलांकडे ग्रीन कार्डावर गेले, तर पासष्टीनंतर आणि सलग पाच वर्षं राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येते. मुलाने कितीही वर्षं कर भरला असला तरी त्याच्या जोरावर आईवडिलांना पार्ट ए मोफत मिळत नाही. त्याचा हप्ता महिन्याला पाचशे डॉलरच्या वर आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे इकडच्या नोकरीची वर्षं तिकडे मोजली जात नाहीत.

जे निवृत्त होऊन पुण्याला किंवा मडगावला परततात, त्यांची सोशल सिक्युरिटी चालू राहते, मेडिकेअर मात्र भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. हप्ता वाचवायला पार्ट बी सोडला आणि नातवंडांसाठी पुन्हा अमेरिकेत राहायला जावं लागलं, तर बाहेर काढलेल्या प्रत्येक वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड बसतो, आणि तो कायम राहतो. सोडण्याआधी हा हिशोब कागदावर मांडावा.

तिकडे राहणाऱ्यांसाठी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत महत्त्वाची. याच काळात औषधांची योजना बदलता येते, आणि गेल्या वर्षीची योजना यंदाही स्वस्त असेल असं नसतं. प्रत्येक राज्यात सरकारी पैशाने चालणारी मोफत मेडिकेअर सल्लासेवा आहे, आणि ती काही विकत नाही. कराचा अर्ज भरायला १९६८ पासून चालू असलेली टॅक्स-एड ही मोफत सेवा आहे. गावातल्या वाचनालयात वा ज्येष्ठांच्या केंद्रात प्रशिक्षित स्वयंसेवक बसतात. फोनवर भाषेची अडचण असेल तर मेडिकेअरकडे दुभाषा मागता येतो. आपल्याकडच्या माणसांना मदत मागायला संकोच वाटतो. पण ज्या योजनेसाठी आयुष्यभर पगारातून कर कापला गेला, तिचा लाभ मागण्यात उपकार कसला?

आणि मावशी नागरिक असतील तर आणखी एक काम आहे. डिसेंबरचं पत्र समोर ठेवून त्यांनी आपल्या काँग्रेस सदस्याला चार ओळी लिहाव्यात. प्रतिनिधींची कार्यालयं मतदारसंघातून येणारी पत्रं विषयानुसार मोजतात, आणि ज्येष्ठ मतदार मतदानाला चुकत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पत्रात भाषण नको, एकच मागणी पुरे: पेन्शनवरच्या कराची २५,००० डॉलरची रेघ १९८४ पासून जागची हललेली नाही, ती महागाईबरोबर हलवा, आणि त्याने निधीत पडणारी तूट कशी भरून काढणार तेही कळवा. उत्तर आलं नाही तर पुढच्या डिसेंबरात, नवं पत्र आलं की, हेच पुन्हा लिहावं.